टर्कीचा पेटा आणि दोन जावई

आमच्या माहेरी कोंबडी कापली की तिचे तुकडे होण्याआधीच त्यांना मालक मिळालेले असत. तंगड्या पोरांच्या. छातीचं मांस पाहुण्यांचं, कारण ते दिसायला भरपूर आणि चवीला कोरडं. पाठ आणि पंख ज्याच्या ताटात पडतील त्याचे. आणि काळीज-पेटा जावयाचा. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातली ती घट्ट मांसाची पिशवी, जिच्यात तिने गिळलेले दाणे खड्यांसकट भरडले जातात. तो चिरायचा, आतली पिवळी साल नखाने ओढून काढायची, चोळून धुवायचा आणि मीठ-हळद लावून शिजवायचा. दाताखाली तो छान करकरतो आणि खाणाऱ्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. कोंबडीला पाय दोन, पंख दोन, पण पेटा एकच. देवाने ही रचना केली तेव्हा आमच्या आईला दोन मुली होणार आहेत, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

आईचं घर केरीच्या बाजूला, पेडणे तालुक्याच्या अगदी टोकाला. वडील गेल्यापासून ती तिथे एकटीच राहायची, कोंबड्या पाळायची आणि त्यांच्याशीच बोलायची. आम्ही दोघी बहिणी मात्र डिचोली तालुक्यात दिलेल्या. ताईचे यजमान, म्हणजे माझे भावोजी, मूळचे सिंधुदुर्गाकडचे. खाणीवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. माझं सासर साखळीला. आमचे हे पणजीला एका कचेरीत कारकून होते, रोज बसने जाऊन-येऊन करायचे. दोघी बहिणींच्या घरांत फार अंतर नव्हतं, पण माहेर मात्र दोघींनाही सारखंच लांब. वर्षातून एकदा, गावच्या जत्रेला, आम्ही दोघींनी नवऱ्यांसकट तिथे जमायचं, असं ठरलं होतं. जत्रेच्या दिवशी शिवराक, म्हणजे मांस-मासळी नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडी-वडे आणि जावयांचं जेवण.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला गाडी घसरली. तोपर्यंत कितीतरी वर्षं काळीज-पेटा भावोजींच्या ताटात बिनबोभाट पडत आला होता. त्या दिवशी आईने तो आमच्या ह्यांना वाढला. नवा जावई, पहिली जत्रा, तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. भावोजी वडा मोडत राहिले, रश्शात बुडवत राहिले, आणि मग भिंतीकडे बघून म्हणाले, "बरोबर आसा. आता भास पण नवी आणि जावय पण नवो."

त्या दिवसांत गोव्यात भाषेवरून रान पेटलेलं होतं. कोकणी की मराठी, यावरून सभा होत होत्या, रस्ते अडत होते, भिंती रंगत होत्या. आमचे हे कोकणीचे. भावोजी मराठीचे. अशा वेळी तोंडात पेटा असलेल्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण ह्यांनी तो घाईघाईने गिळला आणि म्हणाले, "भास जुनी, पोरनीच आसा. तुमकां ती आतां आयकूंक आयली."

झालं. मी वड्यांची परडी घेऊन दारात उभी होते, तिथेच उभी राहिले. गंमत अशी की भावोजी मराठीची बाजू मालवणीत मांडत होते. आमचे हे कोकणीची बाजू मांडता मांडता चिडले, आणि चिडले की ते नेहमी मराठीत शिरायचे, कारण रोज सकाळी पेपर मराठीच वाचायचे. दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं. न कळण्यावरून भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. शेवटी भावोजी अर्ध्या ताटावरून उठले, ताईला घेऊन ट्रकमध्ये बसले आणि निघून गेले. जाताना ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या घोवाक त्यातलो अर्धो तुकडो दिवक जमलो नाय?" मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून आम्ही दोघीही एकमेकींशी बोलेनाशा झालो. साखळीच्या बाजारात ती समोरून आली की मी भाजीवालीकडे वळायची, आणि मी दिसले की तिला चपलेचा अंगठा तुटल्याची आठवण व्हायची.

आईने हार मानली नाही. शिगम्यात, म्हणजे होळीला, तिने पुन्हा दोघांना बोलावलं आणि दोन कोंबड्या कापल्या. दोन जावई, दोन पेटे, प्रश्न मिटला. पण एक कोंबडी अंगाने थोराड होती आणि दुसरी बेताची. दोन ताटांत दोन पेटे पडले तेव्हा एक लिंबाएवढा आणि एक आवळ्याएवढा. दोघांनीही आधी दुसऱ्याच्या ताटात पाहिलं, मग आपल्या. लिंबू कुणाच्या वाट्याला गेलं होतं ते मी सांगणार नाही, नाहीतर आजही पुन्हा सुरू होईल. जेवणं मुकाट्याने झाली आणि बडीशेप न घेता माणसं उठली.

त्यानंतर आम्ही एकाच दिवशी जाणं सोडलं. पुढच्या जत्रेला ताई सकाळी आली, देवाला नारळ ठेवला आणि उन्हं उतरायच्या आत परत गेली. मी दुसऱ्या दिवशी गेले. आईने तिच्यासाठी वेगळं रांधलं, माझ्यासाठी वेगळं. मी चुलीपाशी बसून जेवत होते आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काल ती हयच बसलेली. तुज्याच पाटार." एवढंच. मला राग आला, कुणाचा ते कळेना, म्हणून मी नवऱ्याचा धरला. तो नेहमी हाताशी असतो.

मधल्या काळात गोवा राज्य झालं. कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. एकाला पेटा आणि दुसऱ्याला रस्सा, असा सरकारनेही आपल्या परीने वाटा केला होता. आमच्या घरात मात्र दोन्ही पाहुणे उपाशी आणि वाढणारीही उपाशी, असंच चाललं होतं.

टर्कीची कल्पना आईला शेजारणीमुळे सुचली. ही शेजारीण ख्रिस्तांव. तिच्या भावाचा पाव भाजायचा फोर्न, म्हणजे भट्टी, घराच्या मागेच होती. लाकडं जळून गेल्यावर उरलेल्या धगीत तो पाव भाजायचा, आणि नाताळात गावातल्या ख्रिस्तांव घरांचे पक्षी त्याच भट्टीत भाजून निघायचे. आईने असा एक पक्षी कुंपणावरून पाहिला. तिने त्याच्या मांसाबद्दल विचारलं नाही की किमतीबद्दल नाही. विचारलं ते एवढंच, "ह्याचो पेटो केदो असता गो?" शेजारणीने मूठ वळून दाखवली. तिची मूठ चांगली मोठी होती.

त्या मुठीकडे बघत आईने मनात पूर्ण बेत आखला. दोन कोंबड्यांचे दोन पेटे कधीच सारखे नसतात. पण एकाच पक्ष्याचा एकच मोठा पेटा सगळ्यांसमोर सुरीने मधोमध कापला, तर तक्रार करणार कोण आणि कशाची? वकिलालाही सुचलं नसतं. तिने मला निरोप धाडला, शुक्रवारी म्हापशाला ये. आणि दोन्ही जावयांना वेगवेगळे निरोप धाडले, पण मजकूर एकच: जत्रेच्या दुसऱ्या दिवशी या, पेटा तुमच्या डोळ्यांदेखत कापीन.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ऐन भरात होता. नाताळ तोंडावर आलेला. एका कोपऱ्यात पाय बांधलेल्या टर्क्या बसवून एक माणूस उभा होता. गिऱ्हाईक येऊन छाती दाबून बघत होतं. आमची आई छातीच्या खाली, पोटाशी बोटं खुपसत होती. दोन-तीन पक्षी चाचपून झाल्यावर विकणाऱ्याला राहवेना. म्हणाला, "बाये, कितें सोदता तूं?"

"पेटो."

"तो भितर आसता मगो!"

"म्हणानच चाचपतंय," आई म्हणाली, आणि तिने सर्वांत रागीट दिसणारा नर निवडला. तिचं म्हणणं, रागीट पक्षी खडे जास्त खातो. हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

त्या नराला घेऊन आम्ही निघालो. शिवोलीपर्यंत बस, मग फेरीबोटीने नदीपलीकडे चोपडे, आणि तिथून केरीची बस. बसमध्ये तो माझ्या मांडीवर, पोत्यातून मान बाहेर काढून बसला आणि शहाण्यासारखा वागला. फेरीत मात्र दोन पुरुष भाषेवरून बोलायला लागले. पहिल्याने आवाज चढवला तसा आमचा नर पोत्यातून जोरात ओरडला, गुलुगुलुगुलु. लोक हसले. दुसऱ्याने त्याला उत्तर देताना आवाज चढवला, तेव्हाही तो तेवढ्याच जोरात ओरडला. तिसऱ्या खेपेला बोलणारा बोलायच्या आधी पोत्याकडे बघायला लागला. पलीकडचा किनारा येईपर्यंत वाद कुजबुजीवर आला होता. त्या दोन वर्षांत भाषेच्या वादात दोन्ही बाजूंना सारखंच उत्तर देणारा तो एकच मला भेटला, आणि त्याला आम्ही कापायला नेत होतो. मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्याने माझ्या हाताला चोच मारली आणि ते वाटणं गेलं.

घरी आल्यावर अडचण ध्यानात आली. एवढा पक्षी मावेल असं भांडं आईकडे नव्हतं. मी म्हटलं, तुकडे करू, नेहमीसारखी रश्शाची सागोती करू. शेजारीण कुंपणाशी उभी होती, तिने कपाळावर हात मारला. टर्कीचे तुकडे? तो अख्खा भाजायचा असतो. आणि कापायच्या आधी त्याला पेलाभर फेणी पाजायची असते, म्हणजे मांस मऊ पडतं. हे सगळं मी करते, तुम्ही चिंता करू नका. आईलाही ते पटलं. अख्खा पक्षी, वरून तांबूस, ताठ बसलेला, असा जावयांसमोर आला तर त्यांचं भांडण निम्मं तिथेच विरेल, असं तिला वाटलं असावं. त्या घरचा पाव आम्ही जन्मभर खात आलो होतो, मग टर्कीने काय घोडं मारलं होतं?

फक्त एका गोष्टीची आईला काळजी होती. ती शेजारणीचा हात धरून म्हणाली, "बाय, काळजा-पेट्याचा तेवढा नीट बघ हां. सगळा त्याच्यारच आसा."

शेजारीण जवळजवळ रागावलीच. "तें म्हाका शिकयता? काळीज-पेटो नासतना टर्की कसली?"

"आणि मान माका काडून ठेव."

"मान तुजीच. म्हाका ती नाका."

दोघींचं पूर्ण एकमत झालं. मी तिथेच उभी होते, मलाही काही वावगं वाटलं नाही. दोघीही खरंच बोलत होत्या आणि दोघींनाही एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. पण प्रत्येक जण आपल्या स्वयंपाकघरातून ऐकतो, हे मला नंतर कळलं.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोघेही आले. भावोजी ट्रक घेऊन आले आणि ओट्याच्या एका टोकाला बसले. आमचे हे पेपर घेऊन दुसऱ्या टोकाला. मध्ये एवढी जागा की एक लग्न लागलं असतं. ताई आत आली, मला बघून "पाणी तापलां?" असं चुलीला विचारलं, आणि मीही "तापलां" असं चुलीलाच सांगितलं. आई वडे थापत होती. तिचे कान ओट्याकडे होते आणि डोळे आमच्या दोघींवर. तिला मी तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घाबरलेली होती ती. हे जेवण फसलं तर आपल्या दोन मुली एकाच दिवशी ह्या घरात पुन्हा दिसणार नाहीत, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते मलाही वाचता येत होतं.

दुपारी टर्की आली. पोदेर, म्हणजे शेजारणीचा तो पाववाला भाऊ, आणि शेजारीण, दोघांनी पावाच्या पाटीवर ती धरून आणली होती. मान्य करायला हवं, देखणी होती. कातडी गुळाच्या पाकासारखी तांबूस आणि चकचकीत. भावोजी उभे राहिले. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. आईने दोघांना शेजारी शेजारी पाट मांडले, नवी धार लावलेली सुरी घेतली आणि त्या पक्ष्याचं पोट उघडलं.

आतून सारण बाहेर आलं. बटाटा, पावाचा चुरा, कांदा, मनुका, मिरपुडीचा वास. आईने ते सुरीने बाजूला सारलं. आणखी सारलं. हात घातला. मग शेजारणीकडे बघून म्हणाली, "पेटो खंय?"

"हो कितें!" शेजारीण सारणाकडे बोट दाखवत अभिमानाने म्हणाली. "तुवें सांगिल्लें तशेंच केलां. काळीज, पेटो, सगळें बारीक-बारीक कापलें, कांद्यांत परतलें आनी पोटांत भरलें. तुमी खायनात म्हणून चोरीस मात घालूंक ना."

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, ते वगळलं एवढाच फरक. त्यांच्या घरी काळजा-पेट्याचं नीट बघणं म्हणजे हेच होतं. तो एकाच्या ताटात जाऊ नये, सगळ्यांना थोडा थोडा लागावा, म्हणून तर तो सारणात घालतात. तिने खरोखर जीव ओतून केलं होतं. सुरी तशीच हातात धरून आई पाटावर बसली. ती रडणारी बाई नव्हे, पण तिची हनुवटी हलायला लागली, आणि मला वाटलं की आपण उठावं आणि दोन्ही जावयांच्या डोक्यात ती पाटी घालावी.

 मग भावोजी खाली वाकले, पक्ष्याच्या पोटात बघितलं आणि विचारलं, "म्हणजे नायच?"

आमचे हेही वाकले. "ना," ते म्हणाले.

दोन वर्षांत ते एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. पुढे काय झालं ते मी दारातून पाहिलं, म्हणून सांगते. भावोजींनी सारणातून एक काळपट कण उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. म्हणाले, "पेटो." ह्यांनी दुसरा कण उचलला, चावला. म्हणाले, "न्हय, हें काळीज." मग दोघे त्या ढिगाऱ्यात बोटं घालून शोधायला लागले. हा पेटा, हे काळीज, ही तर मनुका. ह्यांना एक मोठासा तुकडा सापडला, तो त्यांनी हातावर धरला, थोडा वेळ बघितला आणि भावोजींच्या ताटात ठेवला. भावोजींनी तो मोडून अर्धा परत दिला. तुकडा वाटाण्याएवढा होता, हे लक्षात घ्या. अख्खा पेटा असता तर असं झालं असतं असं मला वाटत नाही.

नंतर तर दोघांना सूरच सापडला. सासूबाईंनी बोलावून आणून फसवलं, यावर त्यांचं एकमत झालं. "आमकां दोगांकय फसयले," असं आमचे हे म्हणाले, आणि त्या 'आमकां'मध्ये भावोजी आले होते. दोघांच्याही तोंडचा घास गेला होता, तेव्हा आता भांडायचं कुणाशी? टर्कीसाठी आणलेल्या बाटलीत फेणी उरली होती, ती पोदेराने घरून आणली. मग तिघे मिळून सारण किती चांगलं झालंय ते एकमेकांना सांगत बसले. झालंही होतं चांगलंच. मी आजही टर्की आणली तर काळीज-पेटा बारीक कापून कांद्यात परतून सारणातच घालते. वेगळा शिजवायला जाल तर वाटण्या कराव्या लागतात.

मान मात्र शेजारणीने कबूल केल्याप्रमाणे काढून, पायांसकट सकाळीच आईकडे धाडली होती. टर्कीची मान म्हणजे काय चीज असते ते पाहिल्याशिवाय कळत नाही. कोंबडीची असते बोटभर, ही काकडीएवढी. आमच्याकडे मान रांधणारीची. वाढून झाल्यावर, सगळे जेवून उठल्यावर, चुलीपाशी बसून सावकाश चोखत खायचा तो तुकडा. लोकांना वाटतं की बायका बिचाऱ्या उरलंसुरलं खातात. खुशाल वाटू दे. हाडांच्या खाचांमध्ये जे मांस असतं, तेवढं गोड अख्ख्या पक्ष्यात नसतं, आणि ते काढायला जी फुरसत लागते ती पुरुषांकडे नसते. आईने सकाळीच मानेचे सुरीने ठोकून तुकडे केले होते, पायांची नखं छाटून पायही त्यातच टाकले होते, आणि मंद विस्तवावर दोन-तीन तास नुसत्या मीठ-हळदीच्या पाण्यात ठेवले होते. कोंबडीसारखी घाई केली की टर्कीची मान दोरखंडासारखी लागते. मग भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, गरम मसाला, दोन सोलं, म्हणजे आमसुलं. त्या वासाने मला दुपारभर दुसरं काही सुचत नव्हतं.

पुरुष बाहेर रंगलेत असं बघून आईने आम्हा दोघींना आत बोलावलं. तिघींनी मिळून एकाच पातेल्याभोवती बसायचं ठरवलं नव्हतं, पण तशा बसलो. मी म्हटलं, "तुजो पेटो तर गेलो." आई म्हणाली, "गेलो तर गेलो. त्या दोगांखातीर पेटो. मान माका होयी होती. कोंबयेची एकटीक पुरता. ही तिघांक पुरतली." आणि आमच्या ताटल्यांत तुकडे वाढायला लागली.

खाताना बोलायचं नसतंच, म्हणून बरं झालं. नुसते चोखण्याचे आवाज. वड्याने रस्सा पुसायचा, हाड फिरवायचं, खाचेत दात घालायचे. ताई एकेक हाड असं साफ करत होती की कुत्र्यानेही नमस्कार केला असता. असं करता करता पातेल्यात एकच तुकडा उरला. मधला, सर्वांत मांसल. माझा हात गेला आणि ताईचाही गेला. दोघींची बोटं त्या तुकड्यावर.

"तू तीन खाल्लंय," ताई म्हणाली. दोन वर्षांनी माझ्याशी बोलली ती हे बोलली.

"माझ्या एकात नुसतां हाड होता!"

"तुझ्या नशिबात नेहमीच हाड असता! लहानपणी पण असाच. माशाचा डोक्याकडचा तकलां तूच खायचंस आणि नाव माझां सांगायचंस."

"आणि माझो रिबिनीचो डबो कोणी नेलो? लग्नात कोणी नेलो?"

"डबो माझो होतो!"

मग काय विचारता. रिबिनींचा डबा निघाला, साखळीच्या बाजारात पाठ फिरवलेली निघाली, तिच्या बाळंतपणाला मी गेले नव्हते ते निघालं, माझ्या तापात ती आली नव्हती ते निघालं. दोघी ओरडत होतो, दोघींनीही तुकडा सोडला नव्हता. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. ओट्यावरचं बोलणं थांबलं आणि दोन्ही जावई दारात येऊन उभे राहिले, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. शेजारीणही मागून डोकावली. "आगो, समजाय गो तांकां," ती आईला म्हणाली.

आई उठली नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बसली होती, एका हातात चोखून संपलेलं हाड. आमच्याकडे ती अशी बघत होती की मी मध्येच बोलायची थांबले.

"भांडा गो, भांडा," आई म्हणाली. "दोन वर्सां ह्या घरात भांडूक कोण नव्हता."

त्यानंतर आधी ताई रडली की मी, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.